आठवी-नववीचा डान्स: गॅदरिंगला अख्खा वर्ग स्टेजवर कसा आणायचा

रील्सच्या जमान्यात गॅदरिंगचा डान्स हवाच कशाला, हा विषय दर डिसेंबरला स्टाफरूममध्ये निघतो. नाचणाऱ्या आठ मुली निवडायच्या आणि बाकीच्या बत्तीस जणांना खुर्च्या लावायला पाठवायचं, असंच चालणार असेल तर खरंच नको. ज्यांना नाचता येतं त्या मुली मोबाइलसमोर रोज नाचतातच. पण १३-१४ वर्षांचं जे पोर "माले नही येस" (मला येत नाही) म्हणत मागच्या बाकावर सरकतं, त्याला शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवायची संधी वर्षातून एकदाच मिळते, आणि ती शाळेतच. अमेरिकेतल्या शाळांत या वयाच्या मुलांसाठी डान्सची संध्याकाळ ठेवतात. तिथेही बरीच पोरं भिंतीला टेकून उभी असतात. म्हणून इथे सगळा हिशोब आपल्या खानदेशातल्या शाळेच्या ४० जणांच्या पूर्ण वर्गाचा मांडला आहे.

गाणं आणि आठाचा हिशोब

गाणं साडेतीन मिनिटांच्या वर नको. मिनिटाला साधारण १२० ठोके पडणारं गाणं या वयाला बरं. त्याहून बरंच वेगाचं असलं की मागची रांग पाय उचलायचंच सोडते आणि नुसते हात हलवते. साडेतीन मिनिटांत ४२० ठोके होतात, म्हणजे आठ-आठ मोजले तर ५२ आठ. त्यांची वाटणी अशी करा: सुरुवातीच्या संगीताला प्रवेशासाठी ४ आठ, मग वर्गाच्या तीन तुकड्या पाडून प्रत्येकीला १४, आणि शेवटचे ६ सगळ्यांनी मिळून. एका मुलाला शिकायचे राहतात फक्त २०. ३५ मिनिटांच्या तासाला दोन नवे आठ बसतात. दहा दिवस स्टेप्स, पाच दिवस जागा बदलणं, तीन दिवस प्रत्यक्ष स्टेजवर. रविवार सोडून तीन आठवड्यांत काम होतं.

लग्नाच्या वरातीत डीजेवर वाजणारं अहिराणी गाणं मुलं सर्वात आधी सुचवतात, आणि ठेक्याला ते खरंच चांगलं असतं. नियम एकच ठेवा: गाण्याचे सगळे शब्द कागदावर लिहून वर्गात मोठ्याने वाचायचे. वाचताना कुणाला खाली बघावंसं वाटलं तर ते गाणं बाद. भुलाबाई, कानबाई, आखाजी या सणांची गाणी निम्म्या मुलींना घरूनच पाठ असतात. ती वर्गातल्याच मुलींकडून गाऊन घेऊन ढोलकीवर बसवली तर पेनड्राइव्हची कटकटच संपते.

तालीम शाळेच्या वेळेतच

शाळा सुटल्यावर तालीम ठेवली की खेड्यावरून एसटीने येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात गळतात. पाचची बस चुकली की पुढची साडेसातला. मुलीला अंधारात घरी यावं लागलं की दुसऱ्या दिवशी घरून निरोप येतो, डान्स बंद. मग उरतात ती गावातली, स्टेशन रोडची मुलं. त्यापेक्षा शेवटचा तास किंवा पीटीचा तास मागून घ्या आणि तीन आठवड्यांचं वेळापत्रक आधीच मुख्याध्यापकांची सही घेऊन लावा.

शिकवताना मुलांकडे तोंड करून उभं राहू नका. तुमचा उजवा हात त्यांना डावा दिसतो आणि अर्धा वर्ग उलटा शिकतो. पाठ करून उभं राहा, चुका बघायला समोर एका मुलाला उभं करा. तरी गोंधळ होत असेल तर उजव्या मनगटाला लाल दोरा बांधा.

आठव्या दिवशी एक परीक्षा घ्या. सगळा वर्ग जागच्या जागी उलट दिशेला फिरवा आणि गाणं लावा. मागची रांग आता पुढे आली. तिच्यासमोर बघून करायला कुणी नाही, त्यामुळे कोणाला खरंच येतं आणि कोण पुढच्या मुलीच्या खांद्याकडे बघून उरकत होतं ते दोन मिनिटांत कळतं. ही परीक्षा टाळली तर कार्यक्रमाच्या दिवशी पुढची एक मुलगी चुकते आणि तिच्यामागची अख्खी रांग तिच्याबरोबर चुकते.

रीलवाल्या मुलांची वेगळी अडचण असते. त्यांचं अंग कमरेच्या वर चालतं, पाय खिळलेले, नजर एका बिंदूवर. त्यांना पहिले चार दिवस स्टेप्सच्या आधी नुसतं चालायला लावा: आठ ठोक्यांत आठ पावलं पुढे, आठ मागे, आठ आडवी. हात बांधलेले. कंटाळतात, पण पाय सुटतात.

मुलगे, मुली आणि लाज

या वयात मुलगे एका वर्षात इतके उंच होतात की स्वतःचे हात-पाय त्यांनाच परके वाटतात. रिकाम्या हाताने ते नाचणार नाहीत. हातात लेझीम, टिपरी किंवा झेंडा द्या, निम्मी लाज तिथेच जाते. जोड्या लावू नका. जोडी लागली की दुसऱ्या दिवशी फळ्यावर नावं लिहिली जातात. टिपरीचा गोल सगळ्यात सोपा: आतला गोल स्थिर, बाहेरचा गोल दर आठ ठोक्यांना एक जागा पुढे. कोणी कोणाला चिकटत नाही, टिपरीला टिपरी लागते, हाताला हात लागत नाही. टिपऱ्या ४० जोड्या लागत असतील तर ४५ आणा आणि टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर लाकूड चिरतं आणि कुसळं बोटात जातात.

'आदिवासी नृत्य' बसवताना

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेत पोरांना पानांचे घागरे घालतात, तोंडाला काळं फासतात, हातात भाले देतात आणि त्याला आदिवासी नृत्य म्हणतात. नंदुरबार, धडगाव, शिरपूर, चोपड्याकडच्या वर्गात भिल्ल आणि पावरा घरांतली मुलं त्याच बाकावर बसलेली असतात. हा प्रकार बंद करा. सातपुड्यातला नाच बघायचा तर होळीला बघा: मोठा ढोल, बासरी, खांद्याला-कमरेला हात घालून सरकणाऱ्या रांगा, बायकांच्या अंगावर चांदी. पावलं मोजकी आणि पुन्हा पुन्हा येणारी, म्हणजे ४० जणांना शिकवायला याहून सोयीचं काही नाही. वर्गातल्या त्या घरच्या मुलाला पुढे उभं करा, त्याच्या घरून कोणी येत असेल तर बोलवा. मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू घालणारे बुध्या मात्र सोडून द्या. तो होळीच्या नवसाचा, नेम पाळून घ्यायचा वेश आहे, ड्रेपरीच्या दुकानातून भाड्याने आणायचा नाही.

स्टेज

मांडववाल्याला माप विचारा. २४ बाय १६ फूट असेल तर दोन्ही बाजूंना आणि पुढे-मागे दोन-दोन फूट सोडून नाचायला २० बाय १२ उरतात. या वयात पसरलेल्या हातांचं माप साधारण पाच फूट, म्हणजे एका रांगेत चारच जण हात पसरू शकतात. तुकडी तेरा-चौदाची आहे, तेव्हा पुढे चार, मध्ये पाच, मागे पाच अशी दोघांच्या फटीत तिसरा उभा करा, आणि हात बाजूला जाणाऱ्या स्टेप्स वर किंवा पुढे वळवा. एवढं माप शाळेच्या मैदानावर चुन्याने आखून तालीम घ्या. मोकळ्या मैदानावर बसवलेला डान्स स्टेजवर गेला की कोपरं लागतात.

शेवटच्या सहा आठांना ४० जण वर चढवू नका. प्रत्येकी ४५ किलो धरले तरी १८०० किलो होतात, आणि सगळ्यांनी एकदम उडी मारली तर फळ्यांच्या स्टेजवर दाब कितीतरी वाढतो. चौदा वर, बाकी दोन्ही बाजूंना खाली जमिनीवर. उडी कोणालाच नाही.

आवाजाचा घोळ नेहमीचा. मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, त्यामुळे नाचणाऱ्यांना आवाज बोथट येतो आणि ताल मागे पडतो. एक छोटा बॉक्स स्टेजकडे वळवून ठेवायला सांगा. गाण्याच्या फाइलच्या सुरुवातीला चार सेकंद कोरे ठेवा. दोन पेनड्राइव्ह न्या, दोन्हीत तेवढी एकच फाइल. मोबाइलवरून वाजवायचं तर फ्लाइट मोड लावा, नाहीतर मधेच कोणाच्या तरी मामाचा फोन येतो.

त्या दिवशी

दुपारी तीनला मेकअप, नंबर रात्री नऊला, आणि ओठांचा रंग जाईल म्हणून मुली काही खात नाहीत. चक्कर येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. सात वाजता प्रत्येकाला दोन केळी आणि पाणी, आपल्याकडे केळ्यांना तोटा नाही. नंबर दहाच्या आत संपेल असा लावून घ्या, त्यानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. जानेवारीत तोवर गारठा पडतो. विंगेत स्वेटर अंगावरच राहू द्या आणि नंबराच्या आधी पाच मिनिटं जागेवर चालून घ्या. थंड पोटरीत गोळा येतो.

मुलींच्या खोलीला आतून कडी हवी, दाराशी एक बाई, आणि आत मोबाइल कोणाचाच नाही. पिशवीत सेफ्टी पिनांची दोन पाकिटं, काळ्या लेगिंग्ज, पॅड, कैची, सुई-दोरा. नऊवारी किंवा घागऱ्याखाली लेगिंग सगळ्यांनाच घाला. कुणाची पाळी अचानक आली तर ती एकटी वेगळी दिसत नाही.

ड्रेपरी घेताना दुकानदारासमोर नग मोजा, फाटलेले आधीच दाखवा आणि फोटो काढून ठेवा. परत करताना ओढणी, कमरपट्टा, बाजूबंद हेच कमी भरतात, म्हणून प्रत्येक मुलाचा संच त्याच्या नावाच्या पिशवीत द्या आणि त्याच पिशवीत परत घ्या. उतरवल्यावर लगेच, त्याच खोलीत.