घरगुती स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरसाठी चिप कोणती घ्यावी?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत 'चांगली अ‍ॅम्प्लिफायर आयसी (म्हणजे चिप) द्या' म्हणून गेलात, तर दुकानदार हाताला लागेल ती देईल. आधी दोन गोष्टी नक्की करा: सप्लाय किती व्होल्टचा आणि स्पीकर किती ओमचे. मग चिपची यादी आपोआप छोटी होते. वॅटच्या मागे लागू नका. ८ चे १६ वॅट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. त्यात बोर्डावर छापलेले वॅट बहुधा १० टक्के विकृतीला मोजलेले असतात, म्हणजे आवाज फाटल्यानंतरचे.

बहुतेकांच्या घरी १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि ८ ओमचे स्पीकर असतात. त्यांनी डोळे मिटून टीडीए ७२९७ घ्यावी. एकाच चिपमध्ये दोन्ही चॅनल, बाहेरचे सुटे भाग मोजकेच, सप्लाय ६.५ ते १८ व्होल्ट. १२ व्होल्टवर प्रत्येक बाजूला ५-६ वॅट स्वच्छ मिळतात; खोलीला तेवढे पुष्कळ झाले. अ‍ॅडॉप्टर किमान २ अँपियरचा, ३ चा असेल तर उत्तम. ४ ओमचे स्पीकर हिला लावू नका, करंट मर्यादेबाहेर जातो.

या चिपचे आउटपुट ब्रिज पद्धतीचे आहे, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोके चिपच चालवते, एकही ग्राउंडला नसते; आणि नवखे लोक नेमके इथेच फसतात. स्पीकरची काळी वायर ग्राउंडला जोडायची नाही. दोन स्पीकरच्या काळ्या वायरी एकमेकींनाही नाही. स्पीकर लावण्याआधी मल्टीमीटरने बघा: ग्राउंडपासून प्रत्येक आउटपुट पिनवर साधारण ६ व्होल्ट दिसले पाहिजेत आणि स्पीकरच्या दोन टोकांमध्ये जवळपास शून्य. तिथे व्होल्टभर जरी दिसला तरी स्पीकर लावू नका.

सगळे बरोबर जोडूनही आवाज येत नसेल तर ६ आणि ७ नंबरची पिन तपासा. त्या म्यूट आणि स्टँडबायच्या. रेझिस्टरमधून त्यांना अधिक व्होल्टेज दिले नाही तर चिप गप्प बसते. रेझिस्टर-कपॅसिटर लावून त्यांना किंचित उशिरा व्होल्टेज दिले की चालू करतानाचा 'धप्प'ही जातो. पिना मागेपुढे दोन रांगांत असल्यामुळे साध्या भोकांच्या बोर्डात ही चिप नीट बसत नाही. तयार पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) घ्या.

ट्रान्सफॉर्मरवर बनवायचे असेल तर टीडीए २०३० किंवा एलएम १८७५, प्रत्येक चॅनलला एक. १२-०-१२ चा (मधली वायर शून्य, दोन्ही टोकांना १२-१२ व्होल्ट) ट्रान्सफॉर्मर बिनलोडचा आणि लाइन २५० व्होल्टच्या आसपास असली, तर फिल्टर कपॅसिटरवर ±१९-२० व्होल्ट सहज दिसतात. साध्या २०३० ची कमाल मर्यादा ±१८ आहे. म्हणून ±२२ झेपणारी २०३० ए मागा. १८-०-१८ असेल तर सरळ १८७५. या चिपांचा धातूचा पत्रा उणे सप्लायला जोडलेला असतो, त्यामुळे हीटसिंकशी बसवताना मध्ये अभ्रक आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश हवाच. पहिल्यांदा चालू करताना मेन्समध्ये ६० वॅटचा फिलामेंट बल्ब सिरीजला ठेवा; शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो, चिप वाचते.

'आवाज जास्त आहे' म्हणून २०३० चा गेन (चिप सिग्नल किती पट वाढवते ते प्रमाण) फार उतरवू नका. २४ डेसिबलच्या खाली गेला की चिप ऑसिलेट होते, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच सिग्नल काढू लागते: गाणे बंद असतानाही हीटसिंक तापते आणि आवाज खरखरतो. आवाज कमी करायचा तर चिपच्या इनपुटआधी व्हॉल्यूम पॉट लावा. आउटपुटवरचा १ ओमचा रेझिस्टर आणि २२० नॅनोफॅरडचा कपॅसिटरही गाळू नका.

यूएसबीच्या ५ व्होल्टवर पीएएम ८४०३ चांगली. मात्र चुकून १२ व्होल्ट दिले की संपली. तिचेही आउटपुट ब्रिजच, त्यामुळे हेडफोनचे सॉकेट लावायचे नाही. टीपीए ३११६ सारखी क्लास डी (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचिंग पद्धतीची) चिप तापते कमी, पण तिचे सोल्डरिंग घरच्या सोल्डरिंग आयर्नचे काम नव्हे. तयार बोर्ड घ्या.

नकली मालाकडे लक्ष ठेवा. टीडीए २०५० मूळ कंपनीने बंद केली, पण बाजारात ती अजून ढिगाने मिळते. बरीचशी दुसऱ्याच चिपवर नाव छापलेली. छपाईवर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवा. अक्षरे पुसली गेली तर पूर्ण व्होल्टेज देण्याचा विचार सोडून द्या.