गाडी खाली बसवली, कंबर वर आली!

हॅचबॅक दिसायला देखणी हवी म्हणून ४० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकल्या, शॉकअप मात्र जुनेच ठेवले. तिथेच फसलो. सिंहगड रोडच्या प्रत्येक गतिरोधकावर धाडकन आवाज! उंची घटल्यावर शॉकअपला दबायला जागाच उरत नाही, तो थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर आदळतो. शिवाय कडक स्प्रिंगची उसळी जुन्या शॉकअपला आवरत नाही, गाडी डुलत राहते.

शेवटी २५ मिमीवाल्या स्प्रिंग आणि त्यांच्याच जोडीचे, कमी लांबीचे गॅस शॉकअप बसवले. शॉकअप वर गाडीला जिथे जोडतात ती माउंटिंगही बदलली, व्हील अलाइनमेंट करून घेतलं. खर्च दुप्पट झाला, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही. आता खड्डा जाणवतो, पण हाडं खिळखिळी होत नाहीत. मागे आई बसते तेव्हा तीही कुरकुरत नाही.