ॲक्सोलॉटल मलूल झालाय? आधी पाणी गार करा

बडोद्याच्या मे महिन्यात आपणच कासावीस होतो, मग मेक्सिकोतल्या झोचिमिल्को सरोवराच्या गार पाण्यातला हा सरड्यासारखा दिसणारा उभयचर जीव काय करणार! त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतं. २४ च्या वर धोका. आमच्याकडच्याने खाणं सोडलं, कल्ले पुढे वळले, एका कल्ल्यावर कापसासारखा पुंजका आला. मग त्याला टबात एकटा ठेवला. क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी रोज पूर्ण बदललं आणि गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली त्यात तरंगत ठेवली. एकदम गारठा मात्र नको, थर्मामीटर बघत राहा. माशांची औषधं अंदाजाने घालूच नका; याची कातडी सगळं शोषते. पुंजका वाढला तर पशुवैद्य गाठा. आमच्याने पाचव्या दिवशी गांडुळाचा तुकडा गपकन गिळला.