चांदीच्या फवारणीच्या नादी लागू नका

पोळा जवळ आला की विदर्भात फवारणीची घाई सुरू होते. पऱ्हाटी (कपाशी) पात्या-फुलांवर असते, सोयाबीन शेंगा धरत असतं आणि संत्र्याच्या बुंध्याशी ओल साचलेली असते. अशा वेळी ‘नॅनो सिल्व्हर’, ‘कोलॉइडल सिल्व्हर’ (म्हणजे पाण्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण) असं लिहिलेली बाटली कोणी हातात ठेवली आणि कीडही जाते, रोगही जातो म्हणून सांगितलं, तर आधी थोडं थांबा. त्या बाटलीचे पैसे बहुतेक वेळा वाया जातात, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे रोग आवरायचे हातातले आठ दिवस निघून जातात.

चांदीत जंतू मारायची ताकद आहे, यात खोटं काही नाही. चांदीचे आयन जिवाणूच्या किंवा बुरशीच्या पेशीला चिकटतात, तिचं आवरण बिघडवतात आणि आतली विकरं (एन्झाइम) बंद पाडतात. पण हे काम जिथं थेंब पडला तिथंच होतं. झाडाच्या आत शिरलेल्या बुरशीवर पानावरची चांदी काही करू शकत नाही. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि बोंडअळी यांच्यासाठी तर ती औषधच नाही. सोयाबीनचा पिवळा मोझॅक विषाणूचा आहे आणि तो पांढरी माशी पसरवते. तिथं रोगट झाडं दिसताच उपटून नष्ट करा, पिवळे चिकट सापळे लावा आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. पिवळं पडलेलं झाड चांदीनं काय, कशानंच हिरवं होत नाही.

दुसरी अडचण आपल्या पाण्याची आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरच्या पाण्यात मीठ असतं. सिल्व्हर नायट्रेटसारखी विरघळलेली चांदी अशा पाण्यात पडली की क्लोराईडशी जुळते आणि पाणी दुधासारखं पांढरं होतं. थोड्या वेळानं तळाशी साका बसतो आणि उन्हात ठेवला तर तो जांभळट-काळा पडतो. हा साका पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे औषध पंपातच संपलं, पानावर गेलं ते नुसतं पाणी. वर त्या साक्यानं नोझल तुंबतं ते वेगळंच.

चांदीला मित्रजंतू आणि शत्रूजंतू यांतला फरक कळत नाही. बियाण्याला नत्र पुरवणारा रायझोबियम जिवाणू लावला, बुंध्याशी रोगट बुरशीला आवरणारी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी टाकली आणि मागोमाग चांदीची आळवणी केली, तर पैसे देऊन आणलेले जंतू आपल्याच हातानं मारले.

हीच टूम परदेशातल्या गांजाच्या लागवडीतही दिसते. जिथं कायद्यानं मुभा आहे तिथले लागवडदार भुरी आणि कळीवरच्या करड्या बुरशीनं हैराण असतात, म्हणून चांदीचं नाव त्यांच्या तोंडी येतं. पण तिथं चांदीचा खरा वापर वेगळाच आहे. मादी झाडावर चांदी फवारली की झाडाला इथिलीन या संप्रेरकाची खबर लागत नाही आणि त्याच झाडावर नर फुलं येतात. त्यातून फक्त मादी झाडं देणारं बी तयार करतात, आणि चांदी पडलेली फुलं वापरायची नाहीत असं तिथंही बजावतात. आपल्याकडे मात्र अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायदा, 1985 प्रमाणे परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे. 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुरीच्या ओळीआड चार झाडं लावून भागेल असं कोणी सुचवलं तर त्याला धुऱ्यावरूनच परत पाठवा.

चांदीचा हाच गुण काकडीच्या बीजोत्पादनात कामी येतो. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमध्ये बीजोत्पादन करणाऱ्यांना हे नवं नाही. फक्त मादी फुलं देणाऱ्या वाणावर कोवळेपणी सिल्व्हर नायट्रेट फवारून नर फुलं आणतात. ते कंपनीच्या तंत्रज्ञानं सांगितलेल्या मापानंच करा, कारण जास्त झालं की पानं करपतात. हातमोजे आणि चष्मा घाला. कातडीवर काळे डाग पडतात आणि डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते. फळधारणा, पानगळ, फळ पिकणं या सगळ्यांत इथिलीनचा हात असतो, म्हणून पऱ्हाटीवर किंवा संत्र्यावर अंदाजानं हा खेळ करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

संत्र्याच्या डिंक्यासाठी, म्हणजे बुंध्यातून डिंक ओघळण्याच्या रोगासाठी, जुना बोर्डो मलमच भरवशाचा आहे. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बागायतदारांनी पावसाळ्याआधी लावला असेल, तर आता पाऊस ओसरल्यावर दुसरा हात द्या. 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवा, मग दोन्ही एकत्र करून एकूण 10 लिटर पाणी होऊ द्या. त्यात लोखंडी विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. डिंक ओघळणारी साल धारदार चाकूनं खरवडा, खरवडलेले तुकडे बागेबाहेर जाळा आणि बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत मलम लावा. बुंध्याशी पाणी साचत असेल तर आधी चर काढा, नाहीतर मलमाचाही उपयोग नाही. पऱ्हाटीवर जिवाणूजन्य करप्याचे कोनाकोनांचे डाग दिसले तर कॉपर ऑक्सीक्लोराईड 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यात घेऊन फवारा.

बाटली घेताना लेबल नीट वाचा. कीडनाशक म्हणून विकायचं तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक, रंगीत त्रिकोण, पिकाचं नाव, मात्रा आणि विषबाधेवरचा उतारा, हे सगळं लेबलवर हवं. ‘टॉनिक’ म्हणून चांदी घेऊन ती दुसऱ्या औषधांबरोबर एकाच पंपात ढवळू नका. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. त्यांतले बहुतेक आपल्यासारखेच शेतकरी आणि मजूर होते.

बाटली आधीच घेतली असेल तर उघडू नका. पक्कं बिल जपून ठेवा आणि बाटलीसह तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, कारण नमुना तपासायला पाठवायचा अधिकार कीटकनाशक निरीक्षकाला असतो. बिल मिळालं नसेल तर दुकानाचं नाव, तारीख आणि लेबलचा फोटो तक्रारीला जोडा. पिकाबद्दल विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा क्रमांक 1800-180-1551 आहे, तिथं मराठीतून सल्ला मिळतो.