हेडलाइट फडफडतेय? बल्ब बदलायच्या आधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याहून कोल्हापूरला परतताना कळे ओलांडलं आणि आमच्या गाडीची डावी हेडलाइट फडफडायला लागली. मागे आई आणि दोन्ही पोरं, बाहेर मुसळधार पाऊस, आणि प्रत्येक खड्ड्याला लाइट मंद व्हायची, परत पेटायची. बाळिंग्यापर्यंत जीव मुठीत धरून आलो. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये दोन्ही बल्ब नवे घातले. आठवडाभरात पुन्हा तेच. मग उद्यमनगरात वायरिंगचं काम करणाऱ्या एका मामांकडे गाडी नेली.

"मामा, बल्ब नवेच आहेत."

"बल्ब राहू दे. हेडलाइट लावा आणि डावा इंडिकेटर टाका बघू."

इंडिकेटर पेटला की हेडलाइट मंद, विझला की पूर्ववत. मामांनी हेडलाइटच्या मागे बॉडीला आवळलेली अर्थची वायर सोडली. वायरच्या टोकाला असलेल्या थिंबलखाली नुसता गंज. पॉलिश पेपरने पत्रा घासला, थिंबल नवं बसवलं, बोल्ट आवळला. ती लाइट आजतागायत हललेली नाही.

त्या कोपऱ्यातल्या दिव्यांची अर्थ बहुधा एकाच जागी असते. ती जागा गंजली की करंटला परतीची वाट पुरत नाही आणि एक दिवा दुसऱ्याचा वाटा खातो. आपल्याकडच्या पावसात हे फार होतं, आणि तरी सगळ्यात शेवटी तिथेच बघितलं जातं.

लक्षण न बघता सामान बदलणं

ही मोठी चूक. आधी बघा, एकच लाइट फडफडतेय की दोन्ही? एकच असेल तर दोष त्या बाजूला, म्हणजे होल्डर, कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग), अर्थ किंवा बल्ब. त्यातही अप्पर आणि डिपर दोन्ही फडफडत असतील तर बल्बवर संशय कमी घ्या. अप्पर-डिपर एकत्र असलेल्या एच४ बल्बमध्ये दोन वेगळ्या फिलामेंट असतात, त्या एकदम बिघडणं अवघड. दोन्ही बाजूच्या लाइट, सोबत मीटरचे दिवेही कमी-जास्त होत असतील, तर बॅटरीचे टर्मिनल, फॅन बेल्ट आणि अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) बघा. रेस दिल्यावर लाइट उजळत असेल तर हा संशय आणखी पक्का. एसी किंवा रेडिएटरचा फॅन सुरू होताना क्षणभर मंद होणं मात्र दोष नाही.

वायर दिसायला चांगली म्हणून सोडून देणं

व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर घ्या. हेडलाइट चालू ठेवून एक टोक बल्बच्या अर्थच्या पिनला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब. आकडा लहान वाटतो, पण हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासणं

कृपा करून हे कुणालाही करू देऊ नका. जुन्या गाड्यांच्या काळातली ही सवय आजच्या गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, जाळू शकते, कारण बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं. तेच काम मल्टिमीटर करतो. गाडी बंद असताना चार्ज झालेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. सतत १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर गेला. चालू गाडीत मल्टिमीटर एसी (अल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अल्टरनेटरच्या डायोडकडे बघायला सांगा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गाडी बंद करून आधी निगेटिव्ह काढा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, आणि निगेटिव्ह शेवटी जोडा. वरून पेट्रोलियम जेली.

उजेड वाढवायला जादा वॅटचा बल्ब

६०/५५ वॅटच्या (अप्पर/डिपर) जागी १००/९० घालणारे पुष्कळ आहेत. ५५ वॅटला १२ व्होल्टवर साडेचार-पाच अँपियर लागतात, ९० ला साडेसात. मूळ वायर आणि कपलर त्यासाठी नसतात, म्हणून कपलर तापतो, वितळतो, पिना ढिल्या पडतात. वितळलेला कपलर दाबून परत लावू नका, नवा घाला. एलईडी बल्ब घातल्यापासूनच फडफड सुरू झाली असेल तर काही गाड्यांमध्ये कारण वेगळं असतं. गाडीचा संगणक लाइटला तुटक झटक्यांनी करंट देतो. तापलेल्या फिलामेंटला ते जाणवत नाही, एलईडी लगेच दाखवते. अशा वेळी वायरिंग उसकटण्याआधी मूळ हॅलोजन लावून बघा.

ओल्या कपलरवर टेप गुंडाळणं

पाणी आतच कोंडतं आणि पिना हिरव्या पडतात. कपलर सोडा, वाळवा, इलेक्ट्रिक काँटॅक्ट क्लीनर मारा, रबरी सील जागेवर आहे का ते बघा. प्रेशरने गाडी धुताना हेडलाइटच्या मागे पाण्याचा झोत नको.

दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, कितीतरींना मागे रिफ्लेक्टर नसतो. त्याआधी एका संध्याकाळी गाडी भिंतीसमोर लावा, एकाने स्टिअरिंगवर बसून अप्पर-डिपर बदलत राहायचं, दुसऱ्याने कपलरच्या मागची वायर हलकेच हलवायची, बल्बला आणि पंख्याच्या पट्ट्यांना हात न लावता. वायर जिथे हलवल्यावर भिंतीवरचा उजेड हलेल, त्या जागी खडूने खूण करून ठेवा आणि वायरिंगवाल्याला तीच दाखवा.