बोर्डावरची चिप इरेज होत नाही तेव्हा

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा निपाणी-चिक्कोडीकडे यंत्रांची कंट्रोल कार्डे दुरुस्त करणाऱ्या दुकानांत डिप्लोमा करून नव्याने आलेल्या मुलांना हमखास भेटणारी एक अडचण आहे. कार्डावरचा पिक १६एफ८७७ए, म्हणजे यंत्राचा प्रोग्राम साठवणारी मायक्रोकंट्रोलर चिप, प्रोग्रामरला (चिपमध्ये प्रोग्राम भरणाऱ्या उपकरणाला) ओळखू येतो, आतला मजकूर वाचताही येतो, पण इरेजची, म्हणजे पुसण्याची, आज्ञा दिली की व्होल्टेज कमी असल्याची तक्रार पडद्यावर येते. चिप जळाली असे समजून ती काढायला बसण्याची घाई करू नये, कारण या कुळातील चिप कमी व्होल्टेजवर वाचता आली तरी संपूर्ण मेमरी एकदम पुसण्यासाठी, म्हणजे बल्क इरेजसाठी, तिला किमान ४.५ व्होल्ट लागतात.

हे व्होल्टेज कुठे मोजायचे, यावर सगळे अवलंबून आहे. आमच्याकडे आलेल्या एका कार्डावर प्रोग्रामिंगच्या हेडरवर, म्हणजे प्रोग्रामर जोडायच्या पिनांवर, जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट दिसत होते. मात्र हेडर आणि चिप यांच्यामध्ये उलट्या जोडणीपासून बचाव म्हणून एक १एन४००७ डायोड बसवलेला होता, आणि त्यात सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होऊन चिपच्या वाट्याला ४.३ च येत होते. म्हणून मल्टिमीटरची टोके हेडरला न लावता थेट चिपच्या पायांना लावावीत. चाळीस पायांच्या पॅकेजमध्ये ११ आणि ३२ हे धन, तर १२ आणि ३१ हे ऋण. डायोड सापडला, तर त्याच्या पलीकडे थेट चिपच्या बाजूला पुरवठा द्यावा.

डायोड नसेल तर भार पाहावा. पिककिट ३ हा प्रोग्रामर स्वतःहून जेमतेम ३० मिलिअँपिअर देतो. त्यावर एलसीडीचा बॅकलाइट, निदर्शक दिवे आणि आरएस-४८५ चा (इतर उपकरणांशी संपर्क ठेवणारा) आयसी असा सगळा संसार चालवायचा म्हटले की व्होल्टेज खाली येणारच. अशा वेळी प्रोग्रामरचा पुरवठा बंद ठेवून कार्डाला त्याचाच वीजपुरवठा द्यावा. इरेजच्या क्षणी होणारी डुबकी मल्टिमीटरला बहुधा पकडता येत नाही. ऑसिलोस्कोप असल्यास तो वापरावा.

पहिल्या पायाकडे, म्हणजे रीसेटकडेही पाहावे. प्रोग्रामर तिथे सुमारे १३ व्होल्ट देतो. तो पाय थेट ५ व्होल्टला जोडलेला असेल किंवा त्यावर कपॅसिटर असेल, तर हे व्होल्टेज नीट चढत नाही. १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे तो पाय ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर, चालतो. कपॅसिटर तात्पुरता सुटा करावा.

कार्डावर ३.३ व्होल्टचे सेन्सर त्याच लाइनवर असतील, तर तिथे ५ व्होल्ट चढवणे धोक्याचे आहे. चिप सॉकेटमधली असेल तर ती बाहेर काढून वेगळ्या ५ व्होल्टच्या सॉकेटवर पुसणे, हाच माझ्या मते शहाणपणाचा मार्ग.

कोड प्रोटेक्शन, म्हणजे आतला प्रोग्राम वाचू न देणारे कुलूप, लावलेली चिप मात्र बल्क इरेजशिवाय मोकळी होत नाही, आणि त्यात ईईप्रॉममधील (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतील) सेटिंगही जाते. मूळ हेक्स फाइल, म्हणजे चिपमध्ये भरायच्या प्रोग्रामची फाइल, यंत्रमालकाकडे आहे का, हे आधी विचारून घ्यावे. जुनी यंत्रे बनवणारे अनेकदा धंदा बंद करून गेलेले असतात, आणि पुसलेला प्रोग्राम मग कुणाकडूनही परत मिळत नाही.