ब्रेन रेकॉर्डिंगचा डेटा शिकवताय? मग या चुका टाळा

आपल्याकडे उंदरांवरची मोठी लॅब नसली तरी अडत नाही, ॲलन इन्स्टिट्यूट आणि इंटरनॅशनल ब्रेन लॅबोरेटरी या संशोधन संस्थांनी उंदरांच्या मेंदूतून रेकॉर्ड केलेला डेटा सगळ्यांना फुकट मिळतो, मग पोर गोव्यातल्या झुआरीनगरच्या बिट्सचं असो, फर्मागुडीच्या आयआयटीचं असो की ताळगावच्या विद्यापीठाचं. अडतं ते शिकवण्याच्या पद्धतीत.

सगळ्यात आधी म्हणजे पहिल्याच दिवशी रॉ डेटा डाउनलोड करायला लावू नका. न्यूरोपिक्सल्स प्रोबचे (मेंदूत घालायची बारीक इलेक्ट्रोडची सुई) ३८४ चॅनल, प्रत्येकावर सेकंदाला ३०,००० सॅम्पल, म्हणजे एका तासाचे ८० जीबीच्या वर होतात, आणि जूनमध्ये लाईट गेली की सकाळपासूनचं सगळं पाण्यात. डँडी आर्काइव्ह या ऑनलाइन साठ्यातल्या एनडब्ल्यूबी (मेंदूच्या डेटाचा ठरलेला फॉरमॅट) फाइल स्ट्रीम करता येतात, हवा तेवढाच तुकडा वाचा. पण त्यातला एक सेकंद तरी रॉ ट्रेस प्रत्येकाने डोळ्यांनी बघायलाच हवा. स्पाइक, म्हणजे न्यूरॉन फायर झाल्याचा क्षणिक विद्युत ठोका, कशी दिसते, नॉइज कसा दिसतो हे न बघता थेट पायथनच्या टेबलवर गेलेली मुलं पुढे आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवतात.

दुसरं, किलोसॉर्टमधून (कुठली स्पाइक कुठल्या न्यूरॉनची ते वेगळं करणारं सॉफ्टवेअर) निघालेलं प्रत्येक युनिट, म्हणजे स्पाइकचा एक गट, म्हणजे एक न्यूरॉन असं समजू देऊ नका. एकदा स्पाइक झाली की तोच न्यूरॉन साधारण एक-दोन मिलिसेकंद परत फायर होऊ शकत नाही, तेव्हा दोन स्पाइकमधल्या वेळाचा हिस्टोग्राम काढा, त्या जागी गर्दी दिसली तर दोन-तीन सेल एकत्र मिसळलेत. ॲलनची पायथन लायब्ररी काही युनिट आपणहून गाळते, हे माहीत नसलं की दोन मुलांचे आकडे जुळत नाहीत आणि अख्खी दुपार वाद घालण्यात जाते.

आता जी चूक मला सगळ्यात घातक वाटते ती. एखाद्या न्यूरॉनचं फायरिंग तासाभरात हळूहळू कमी होतं, कारण प्रोब मेंदूत थोडा सरकतो, आणि त्याच तासात उंदीर पाणी पिऊन तृप्त होतो त्यामुळे त्याचं धावणंही कमी होतं, झालं, दोन्हींचं कोरिलेशन झकास येतं आणि पी-व्हॅल्यू (हे निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) तर इतकी छोटी की मुलं खूश! संबंध मात्र काहीच नसतो. संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी १९२६ मध्येच हे दाखवलं होतं, हळूहळू बदलणाऱ्या दोन सिरीज उगाचच जुळतात. नेहमीची टेस्ट प्रत्येक सॅम्पल स्वतंत्र धरते, इथे तसं नसतं. उपाय काय, तर याच न्यूरॉनचं कोरिलेशन दुसऱ्याच सेशनमधल्या (वेगळ्या वेळी केलेल्या रेकॉर्डिंगमधल्या) वागणुकीशी काढून बघा, तेही तेवढंच आलं तर निकाल बाजूला ठेवा. डीकोडर (न्यूरॉनच्या फायरिंगवरून वागणूक ओळखणारं मॉडेल) शिकवताना पण हेच, ट्रेन आणि टेस्टसाठी रँडम ट्रायल, म्हणजे प्रयोगाच्या फेऱ्या, उचलू नका, सलग ब्लॉक वेगळे ठेवा, नाहीतर शेजारच्या ट्रायलमधून उत्तर गळतं आणि ॲक्युरसी खोटी वाढते.

सॅम्पल साइजचा घोळ पण तसाच. श्टाइनमेट्झ आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या डेटात साधारण ३०,००० न्यूरॉन आहेत, पण उंदीर १०. निष्कर्ष उंदरांबद्दल काढायचा असेल तर एन, म्हणजे सॅम्पल साइज, ३०,००० नव्हे. एकाच उंदरातले न्यूरॉन एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून मिक्स्ड मॉडेल (कुठला न्यूरॉन कुठल्या उंदराचा हे हिशेबात धरणारं) लावा, किंवा निदान प्रत्येक उंदराचा आलेख वेगळा काढून बघा, एकाच उंदरामुळे सगळा इफेक्ट येतोय का ते लगेच कळतं.

आणि एक छोटी गोष्ट, आपल्याकडे लाईटचा नॉइज ५० हर्ट्झचा, म्हणून सवयीने एलएफपीवर (रेकॉर्डिंगमधला मंद लहरींचा सिग्नल) ५० चा नॉच फिल्टर, म्हणजे तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा, मारला जातो. ॲलनचं रेकॉर्डिंग सिएटलचं आहे, तिथे ६० हर्ट्झ. फिल्टर लावायच्या आधी पॉवर स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे त्याचा आलेख) काढा, टोक कुठे आहे ते तिथे दिसेलच.